भुरीबाईच्या रडण्याचे भाषांतर

बोरी अरबजवळचा तांडा,
दि. १ जुलै १९६३, सोमवार.

आज शाळा उघडली. सकाळी ढग होते, पाऊस नव्हता. शाळाखात्याच्या डिप्टीणबाई दारव्ह्याहून तपासणीला आल्या आणि दुपारी परत गेल्या. दुपारचे जेवण राहून गेले. आता शाळा सुटली आहे, अजून उजेड आहे, म्हणून लिहायला बसलो.

तीर्थरूप कांताबाईस धाकट्या भावाचा जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? एरंडाचे तेल लावतेस की नुसतेच शेजारणींना दाखवतेस? भाऊजींचा खोकला, म्हशीचे दूध आणि घरामागचा लिंब, सर्वांची खुशाली कळव. माझी प्रकृती बरी आहे. पत्राच्या शेवटी मी धर्मपाल अशी सही करीन. तू ऐकून घेशील आणि जुन्याच नावाने ‘उकंड्याचं पत्र आलं’ म्हणून आळीभर सांगशील, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल आता माझी तक्रार नाही.

हे पत्र नेहमीप्रमाणे वामनराव पोस्टमन वाचून दाखवतील. वामनराव, आपणांस नमस्कार. मागच्या पत्रातले ‘इकडे सर्व ठीक आहे’ हे वाक्य आपण अशा काही आवाजात वाचलेत म्हणे, की आमच्या बाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. आपला आवाज चांगला आहे, पण या वेळी कृपा करून बाजारभाव वाचतात तसे वाचावे. आणि कंसातला मजकूर फक्त आपल्यासाठी आहे. तो मनात वाचावा.

बाई, तू मागच्या पत्रात कळवलेस की शाळा बंद होत असेल तर होऊ दे, सामान बांध आणि बाभुळगावला ये. तुझे म्हणणे चूक नव्हते. एप्रिलात परीक्षेच्या दिवशी छपरातून धामण पडली, ती नेमकी तांड्याच्या नायकाच्या नातवाच्या पाटीवर. धामण विषारी नसते हे मी पोरांना त्याच आठवड्यात शिकवले होते, पण त्या वेळी ते कुणाला आठवले नाही, मलाही नाही. दार उघडे असताना सगळी पोरे खिडकीतून गेली. धामण मात्र दाराने गेली. त्या दिवसापासून तांड्याने पोरे पाठवणे बंद केले. धनसिंग नायक आणि जुनी माणसे बसली आणि ठरले की शाळा नीट झाल्याशिवाय एकही लेकरू तिथे बसणार नाही. तिकडे डिप्टीणबाईंनी निरोप पाठवला की शाळा उघडण्याच्या दिवशी मी स्वतः येईन, टाटपट्टी रिकामी दिसली तर ही शाळा बोरीच्या शाळेत मिळवून टाकू. बोरीला जायचे म्हणजे मध्ये नाला आहे. मुलगे कसेबसे जातील. मुली जाणार नाहीत. त्यांचे शिकणे तिथेच संपेल.

हे सगळे कळूनही मी काही केले नाही. (वामनराव, हे मनात. माझी इंदू जानेवारीत गेली तेव्हापासून मला कशाचेच काही वाटेनासे झाले होते. शाळा राहिली काय आणि गेली काय. मी मनातल्या मनात ट्रंक भरून ठेवली होती.) खरे पाहिले तर पोरे माझ्यासाठी शाळेत येतच नव्हती. इंदू सकाळी शाळेच्या दारात फणी घेऊन बसायची आणि तांड्यातल्या मुलींच्या जटा सोडवून द्यायची. वेणी घालून मिळाली की मुलगी आत येऊन बसे, आणि एकदा बसली की उठून जायला संकोच वाटे. त्या संकोचावर मी पाढे शिकवले.

आता भुरीबाईबद्दल सांगतो. ती नायकाची बायको. नायक धनसिंग, पण तांडा चालतो तो हिच्या आवाजावर. अंगावर आरशांचा घागरा, दंडापर्यंत बांगड्या, कानांजवळ चांदीची घुगरी लोंबते. ती येते आहे हे दिसण्याआधी ऐकू येते. ती सगळ्यांना अरे-तुरे करते. उद्या कलेक्टर आले तर त्यांनाही करील आणि त्यांना बरे वाटेल. आम्ही नवीन होतो तेव्हा नायकाने मला जात विचारली होती. मी म्हणालो, आम्ही बौद्ध. नायक विचारात पडला आणि म्हणाला, हे काय असते? मी समजावून सांगायला घसा साफ केला, तोच भुरीबाई म्हणाली, “मास्तर असते. बस.” आणि तिने इंदूच्या हातात पाण्याचा लोटा दिला. पुढे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणे मी ऐकली, पण या विषयावर इतके थोडक्यात कुणी बोललेले नाही.

तर जूनच्या मध्याला ही भुरीबाई माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी बाजेवर बसलो होतो. काय करत होतो म्हणशील तर बसलो होतो.

“मास्तर, शाळा मेली का तू मेला?”

मी म्हणालो, कोणीच नाही.

“मंग कायले असा बसून राह्यला? ऊठ. पोट्ट्यायची शाळा नीट करा लागते.”

मी म्हणालो, वर लिहिले आहे, मंजुरी आली की बघू. ती म्हणाली, सापाने मंजुरी काढली होती का? दुसऱ्या दिवशी अख्खा तांडा शाळेच्या छपरावर होता.

छपराचे मातीचे कवेलू फेरण्याचे काम प्रेमसिंग पाहत होता. हा नायकाचा भाऊ. आधी सगळे कवेलू खाली उतरवले, बल्ल्या ठोकून पाहिल्या, किडलेल्या काढून नव्या घातल्या. धामण निघाली नाही. तिची कात निघाली, आणि ती नायकाच्या नातवाने मिरवत गावभर नेली. मग कवेलू पुन्हा चढवले. छप्पर पुरे झाले, पाणी ओतून पाहिले, थेंब गळला नाही. आणि खाली कवेलूंचा एक ढीग उरला. बाई, मला तू पुस्तकी म्हणतेस, पण छपरावरून उतरवलेले कवेलू परत चढवल्यावर ढीग उरू नये इतके मला कळते. प्रेमसिंग म्हणाला, हे मास्तरच्या घराचे असतील. मी म्हणालो, माझ्या घराचे माझ्या घरावर आहेत. त्याच्या जोडीला छपरावर चढलेला रामधन म्हणाला, मंग जुन्या कारागिराने जास्तीचे घातले असतील. हा निर्णय सर्वांना मान्य झाला. त्या दिवसापासून मी शाळेत शिरताना एकदा वर बघतो. छप्पर मात्र आजपर्यंत उत्तम आहे आणि मी माझे शब्द परत घ्यायला तयार आहे.

त्यानंतर कुंपण. शाळेच्या पटांगणात बैल शिरतात म्हणून बोराटीच्या काट्यांचे कुंपण घालायचे ठरले. हे काम बंजाऱ्यांनी शिकवावे आणि इतरांनी शिकावे. त्यांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरत. जिथे मुक्काम पडे तिथे दिवस बुडायच्या आत काट्यांचे वेढे उभे राहत, आणि त्यातून ना वाघ आत येई ना बैल बाहेर जाई. हा हात अजून गेलेला नाही. प्रेमसिंगची माणसे पूर्वेकडून निघाली, रामधनची पश्चिमेकडून. दोन्ही टोळ्यांत शर्यत लागली. दुपारनंतर दोन्ही टोके मागच्या बाजूला भेटली, सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि सगळे तांड्यात जेवायला निघून गेले. फाटक दुसऱ्यांनी ठेवले असेल असे दोन्ही टोळ्यांना वाटले होते. फाटक कुणीच ठेवले नव्हते. मी आत होतो.

मी कुंपणाला एक फेरी घातली. काम पक्के होते. मांजर जाईल इतकीही फट नव्हती. वाटेने दोन माणसे गेली, त्यांनी रामराम केला, मीही केला. मी त्यांना काही सांगितले नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. आपल्याच शाळेत कोंडलो गेलो आहे हे ओरडून कसे सांगावे? मी ओट्यावर बसून राहिलो. दिवस कलल्यावर भुरीबाई पाणी आणायला निघाली, तिने मला बघितले आणि घागर खाली ठेवली.

“काहून रे मास्तर, घरी नाही गेला?”

मी कुंपणाकडे बोट दाखवले. ती इतकी हसली की आरसे वाजले. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, “हाक नाही मारली तुनं?” मी म्हणालो, नाही. “कोनालेच नाही?” मी म्हणालो, नाही. मला वाटले ती पुन्हा हसेल, पण हसली नाही. माणसे बोलावून तिने कुंपणात फाटक पाडून घेतले आणि त्या सर्वांना जे काही ऐकवले ते त्यांच्या बोलीत होते. मला त्यांची बोली कळते, बोलता येत नाही. (वामनराव, ते मराठीतही लिहिता येणार नाही.)

भिंतींचे काम बायकांनी केले. जमनी आणि लालीबाई या दोघींनी आतून पांढऱ्या मातीने भिंती सारवल्या, त्यावर गेरूने बैल काढले, मोर काढले, झाडे काढली. खोली अशी उजळली की मी उंबरठ्यावर चपला काढल्या. मग माझ्या लक्षात आले की फळा दिसत नाही. आमचा फळा म्हणजे भिंतीलाच काळा रंग दिलेला चौकोन, तुला ठाऊक आहे. तो जिथे होता तिथे आता एक मोठा मोर होता. लालीबाई म्हणाली, त्या भिंतीवर धुराचा मोठा डाग पडला होता, तीन हात दिले तेव्हा कुठे बुजला. इतक्या कष्टाने बुजवलेला डाग म्हणजे फळा होता, हे मला सांगवले नाही. मोर खरोखरच सुंदर आहे. उद्यापासून मी त्याच्या बाजूला कोळशाने लिहीन.

असे सगळे झाले आणि आजचा दिवस आला. मी सकाळी अंघोळ करून शाळेत गेलो. टाटपट्टी अंथरलेली, रांजण भरलेला, दाराला तोरण. पोरे मात्र आत नव्हती. सगळी पोरे धुतलेल्या कपड्यांत कुंपणाबाहेर उभी होती आणि त्यांच्यामागे तांडा. मी म्हणालो, आत या. कोणी हलले नाही. नायकाला विचारले, छप्पर झाले, कुंपण झाले, आता काय राहिले? नायक म्हणाला, भुरीबाईला विचार. भुरीबाई वाटेकडे पाहत होती. तेवढ्यात छकड्यातून डिप्टीणबाई उतरल्या.

डिप्टीणबाई म्हणजे हंसाबाई, नागपूरकडच्या. पांढरे पातळ, हातात छत्री, सोनेरी काड्यांचा चष्मा. कडक आहेत पण मनाने न्यायी आहेत. त्यांनी कुंपण पाहिले, छप्पर पाहिले, आत डोकावून रिकामी टाटपट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. “गुरुजी, मुलं कुठे आहेत?” एवढे त्यांनी विचारले, आणि मी उत्तर देण्याआधी भुरीबाईने पुढे येऊन त्यांच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली.

तू हे पाहिलेले नाहीस म्हणून सांगतो. या लोकांत बायका पुष्कळ दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून रडतात. नुसते रडणे नव्हे, चालीवर रडणे. मधल्या काळात जे घडले ते सुख-दुःख सगळे त्या चालीत सांगतात. डिप्टीणबाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांना वाटले एखादे मूल दगावले. “कोण गेलं? कधी गेलं?” असे त्या विचारू लागल्या. त्यांच्या चपराशाने टोपी काढली. मागे जमनी आणि लालीबाईने सूर धरला. डिप्टीणबाईंनी हळूच मान सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या चष्म्याची काडी भुरीबाईच्या घुगरीत अडकली होती. त्यामुळे जोवर रडणे आहे तोवर बाईंना जाता येणार नाही असे झाले.

“गुरुजी,” त्या घुगरीच्या आतून म्हणाल्या, “ह्या काय सांगताहेत? ह्यांना म्हणावं मराठीत सांगा.”

भुरीबाईला मराठी चांगले येते. तिने रडणे क्षणभर थांबवले. “मराठीत रडनं नाही येत, बाई. मास्तर सांगन.” आणि पुन्हा सूर लावला.

तेव्हा मी भाषांतर करू लागलो. भुरीबाई म्हणत होती की घराच्या माथ्यावर नाग बसला होता, आमच्या माणसांनी माथा उतरवला आणि पुन्हा चढवला. मी सांगितले, “त्या म्हणतात, छपराची दुरुस्ती समाधानकारक झाली आहे.” डिप्टीणबाईंनी मान हलवली, त्यामुळे भुरीबाईचीही हलली. भुरीबाई पुढे म्हणाली की या दारात बसून आमच्या पोरींचे केस विंचरणारी गेली, उंबरठा ओस पडला, पोरींची डोकी पोरकी झाली. मी सांगितले, “पूर्वी येथे मुलींच्या स्वच्छतेकडे चांगले लक्ष दिले जात असे.” भुरीबाई म्हणाली की या माणसाने बायकोला माती दिली आणि डोळ्यातून टिपूस काढले नाही, काट्यात कोंडला तरी हाक मारत नाही, पोटात धोंडा घेऊन हिंडतो, अशा घरात लेकरे कशी बसवावी? मी सांगितले, “शिक्षक नियमित हजर असतात.”

यावर भुरीबाईचे रडणे एकदम थांबले. तिचे डोळे कोरडे झाले.

“खोटं सांगून राह्यला हा मास्तर! बाई, तू ऐकू नको याचं. म्या हाजरीचं नावच नाही घेतलं. म्या म्हटलं, याची बायको मेली अन् हा रडला नाही. सांग रे मास्तर तिले, जसं म्हटलं तसं सांग.” आणि जिथे सोडला होता नेमका त्याच ठिकाणाहून तिने सूर पुन्हा उचलला.

सगळा तांडा माझ्याकडे पाहत होता. डिप्टीणबाईही पाहत होत्या, चष्म्याशिवाय त्यांना जेवढे दिसते तेवढे. मी म्हणालो, “त्या म्हणतात, याची बायको गेली आणि हा रडला नाही.” एवढे सांगितले. पुढचे भाषांतर झाले नाही.

(वामनराव, हा कंस बाईला वाचून दाखवला तरी चालेल. मी पोरांसमोर रडलो, चपराशासमोर रडलो. किती वेळ ते मला सांगता येत नाही. एका मुलीने माझ्यापुढे पाण्याचा लोटा आणून ठेवला. मी पाहिले तर डिप्टीणबाईही रडत होत्या. त्यांचे कोण गेले असेल ते मी विचारले नाही.)

मी तोंड धुऊन आलो तोपर्यंत प्रेमसिंगने दाताने घुगरीची कडी वाकवून चष्मा सोडवला होता. भुरीबाईने पदराने डोळे पुसले आणि भाकरी झाली असे सांगावे तसे ती नायकाला म्हणाली, “झालं. आता बसतीन पोट्टे.” नायकाने मान हलवली आणि पोरे आत आली. मुलगे आले, मुली आल्या, ज्यांची अजून नावे घातली नाहीत तीही आली. टाटपट्टी पुरली नाही, मुली मोराखाली जमिनीवर बसल्या. धामणीचे कुणी नावही काढले नाही. मी नंतर नायकाला म्हणालो, मग छप्पर कशाला उतरवले? तो म्हणाला, “साप होता, मास्तर. तोबी काढा लागत होता. पन बाहेरचा साप एका दिवसात निंघते.” रडल्याशिवाय घर लेकरांना सुरक्षित नसते, ही तांड्याची रीत की एकट्या भुरीबाईची, हे मी विचारले नाही. मला वाटते तिचीच असावी. पाच महिने मी या बाईला नीट उत्तर दिले नव्हते, आणि ती माझ्यासाठी कुणाच्या तरी गळ्याची वाट पाहत होती. असे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

डिप्टीणबाईंनी जाताना शेरा लिहिला: ‘इमारत सुरक्षित. कुंपण उत्तम. पालकांचा सहभाग अनपेक्षित. शाळा चालू ठेवावी. फळा आढळला नाही.’

वामनरावांनी घसा दुखवून घेतला असेल, त्यांना गुळाचा चहा दे. भाऊजींना जयभीम.

तुझा भाऊ,
धर्मपाल

ता. क. भुरीबाईचे म्हणणे आहे की डिप्टीणबाईंचा गळा अडचणीला चालून गेला, पण तो परका गळा होता. घरची बाई हवी. इंदूच्या वेळी तू आलीस आणि त्याच छकड्याने गेलीस, तुझ्या गळ्यात पडून रडायचे राहून गेले, ते तिच्या मनाला लागून राहिले आहे. तेव्हा तू ये. हे सांगण्यासाठीच पत्र लिहायला घेतले होते, बाकीचे आपोआप लांबले. गुडघे दुखत असले तरी ये. बोरीला छकडा पाठवतो. येताना एक लुगडे जास्तीचे आण, कारण खांदा पूर्ण भिजतो. चष्मा लावत नाहीस हे बरे आहे.

दुसरा ता. क. मी बाभुळगावला राहायला येणार असे तू सर्वांना सांगून ठेवले असशील. तसे नाही म्हणून सांग. आणि ज्या घरी माझ्यासाठी मुलगी पाहून ठेवली आहेस, त्यांना आजच नाही म्हणून कळव. ती माणसे चांगली असतील, त्यांना उगीच थांबवू नये. यावर तू जे बोलशील ते येथे येऊन बोल.

कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या आहेत, धूर होतो आहे. चूल फुंकून पेटवतो आणि भाकर थापतो.